आरशाला जागा आहे

४ मार्च १९५८
आला एकदाचा! अहमदीतल्या तेल कंपनीच्या मडमेचा आरसा. दोनशे वर्षांचा म्हणे. काचेवर डाग, सोन्याचा मुलामा उडालेला, चौकटीवर द्राक्षांचे घोस, शिंपले, पंखवाली उघडी पोरं. वर मधोमध कुणी ग्रीक देवी — बोटीवर आपटून तिचं तोंडच गेलं. ते नवं कोरायचं आमच्या ह्यांनी. उस्ताद अशरफ, राहणार रत्नागिरी, हल्ली मुक्काम कुवेत!

६ मार्च
उस्ताद म्हणतात, वेलबुट्टी सांगा, पानं सांगा, चेहरा कोरणं गुनाह. कारखान्याचे मालक नूरुद्दीनशेठ म्हणाले, गुनाह माझ्या नावावर घाल. केवढे दिलदार!

जेवताना मी पुन्हा सफियाचं काढलं. सहा वर्षांची पोर गावी सासूकडे ठेवून आलो, आता बारावं लागलं तिला. आणा की इकडं! म्हणे, एवढ्याशा खोलीत ठेवायची कुठं? आणि कारखान्यात धूळ बसते म्हणून मडमेचा आरसा उद्या आमच्याच खोलीत येतोय. त्याला जागा आहे.

९ मार्च
खोलीत आता आम्ही दोघं, स्टोव्ह आणि आरसाहेब. मी भिंतीला चिकटून निजते. देवीच्या तोंडावर फडकं, मला बघायची बंदी. असेल कुणी गोरी गोमटी!

११ मार्च
भात करपला. ह्यांनी निमूट खाल्ला. मन ठिकाणावर असेल तर कळणार ना.

१४ मार्च
मडम आली. फडकं काढलं आणि ती हसतच सुटली. खाली भरल्या अंगाची, उघड्या खांद्यांची बाई — वर गोबरे गाल, पुढचा दात पडलेला! शेठ घाम पुसत म्हणाले, अरे, देवीला पोराचं तोंड कसं?

मला हसू येईना. उजव्या भुवईवर खूण होती. ओट्यावरून पडली होती, तेव्हाची. माझी सफिया. आणि मी ह्या माणसाला दगड म्हणत होते. जीभ झडली कशी नाही माझी!

मडम जाताना म्हणाली, चेहरा गोड आहे, हिलाच जरा मोठी करा.

१५ मार्च
सकाळपासून पटाशी हातात धरून बसलेत. गावाहून कधी एक फोटो आला नाही. सासूच्या मते तोही गुनाह. शेवटी मान खाली घालून मला विचारलं, "आता कशी दिसत असेल गं ती?"

मी सांगायला तोंड उघडलं. मलाही सांगता येईना.