नोव्हेंबरची ड्युटी

इंदोरा, नागपूर
२४ नोव्हेंबर १९७४

ती. अंजनाबाईंना सिंधूचा जयभीम.

आम्ही बरे आहोत. वच्छला यंदा मॅट्रिकला आहे, आणि अभ्यास सोडून तिला सगळं सुचतं. भिवापूरच्या मिरच्या आल्यात, तुमच्यासाठी काढून ठेवल्यात. कोणी आणल्या तेच सांगायला बसलेय.

तुमच्या भावाची एक खोड तुम्हाला ठाऊक होती का? पेन्शनीत आल्यापासून दर नोव्हेंबरात एक दिवस ते बुटांना पॉलिश करायचे, कोटावर मेडल लावायचे आणि निघायचे. कुठं म्हणून विचारलं की म्हणायचे, "ड्युटीवर." घरी बसलेल्या हवालदाराला कसली आली ड्युटी? माझा स्वभाव तुम्ही जाणताच. एखादी गोष्ट कळली नाही की मला अन्न गोड लागत नाही. सात वर्षांपूर्वी मी त्यांच्या मागोमाग गेले. एसटी स्टँडवर भिवापूरच्या गाडीतून एक तरणी बाई उतरली आणि त्यांनी तिच्या हातची पिशवी घेतली. मी तिथूनच परतले आणि तुम्हाला पत्र लिहिलं. ते राहू द्या आत्ता.

परवा तीच बाई दारात उभी.

"दादा काहून नाही आले यंदा?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. ती उंबऱ्यावरच बसली. रडून झाल्यावर म्हणाली, "वैनी, मी जित्ती हावो, हे आता कोन सांगन?"

ही गोपिका. चीनच्या लढाईत गेलेल्या, यांच्याच पलटणीतल्या नत्थूची बायको. पेन्शन चालू राहायला तिला दरसाल नागपूरच्या कचेरीत येऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं, आणि ओळख सांगणारा माणूस लागतो. तो माणूस तुमचे भाऊ होते.

मग मला सांगायला काय झालं होतं त्यांना? मी तिलाच विचारलं.

"हे गेले त्या दिवशी पहारा दादाचा होता. ताप होता म्हून हे उभे राह्यले. मले त्याईनं पहिल्याच साली सांगतलं. तुमाले सांगाची हिंमत नाही झाली."

अंजनाबाई, 'यांनी बाई ठेवलीय' असं मी तुम्हाला लिहिलं होतं. पाहिलं होतं फक्त पिशवी घेताना. माझ्या शब्दावर तुम्ही सख्ख्या भावाशी अबोला धरलात, मातीलाही आला नाहीत. तुमचं ते कडक पत्र त्यांनी वाचलं, घडी घातली आणि बुटांना पॉलिश करत बसले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलायला हवे होते हो.

काल मी गोपिकेबरोबर कचेरीत गेले.

कारकुनानं विचारलं, "हिले कोन ओळखते?"

"मी."

"कवापासून?"

"सात वर्सं झाली."

खोटं नव्हतं ते. तिचा चेहरा मी एक दिवस विसरले नव्हते.

तुमचं पत्र पॉलिशच्या डब्यात सापडलं, तसंच ठेवलंय. मला रागवायला का होईना, पण या.

तुमची आणि तुमच्या भावाची गुन्हेगार,
सिंधू