बॅटरीतल्या पाण्याबद्दल

मी, सरूबाई हौशीराम चासकर, वय ६८, राहणार महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही. धाक घालण्याएवढी चौकशी कोणी करतही नाही. मी शाळेत गेले नाही, मुलीच्या पुस्तकांवर वाचायला शिकले. अक्षर वाकडं असलं तरी मजकूर माझाच समजावा.

१. ओढ्याकडची जमीन मुलगा भरत याला. तो चाकणला असतो, कसणार नाही, विकेल. विकावी. आईला काय वाटलं असतं, हा विचार तेव्हा करू नये. आधी कधी केला नाही.

२. राहतं घर मुलगी आरती हिला, जी खोडदला दिली आहे. भरतला का नाही ते कलम ४ मध्ये आहे. घराला अट एकच. आमचे मालक आणि धाकटे दीर सयाजी यांची वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध भिंत आली. कालवणाची वाटी इकडून तिकडे देता यावी म्हणून भिंतीत हात जाईल एवढं भोक ठेवलं होतं. ते मी विटा लावून बुजवलं आहे. कोणी उघडू नये. वाटी द्यायची असेल तर दारातून जावं.

३. इन्व्हर्टर आणि बॅटरी घराबरोबर आरतीलाच. निगा अशी: बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावं, बोअरचं किंवा नळाचं कधीही नाही. झाकणावरच्या खुणा दर महिन्याला बघाव्यात. लाल दिसू लागलं की पाणी, हिरव्याच्या वर नको. वायरीच्या टोकांना पांढरं धरलं तर बटण बंद करून कोमट पाण्याच्या फडक्याने पुसावं, वाळल्यावर व्हॅसलिन लावावं. खोलीची खिडकी उघडी ठेवावी. भरत म्हणतो, "आता कुणासाठी सांभाळतीस? भंगारात दे." का सांभाळते ते पुढे आहे.

४. मालकांची फुफ्फुसं खडीच्या क्रशरवर गेली. घरी ऑक्सिजनची मशीन आणली आणि लाइट गेली तर ती चालावी म्हणून हा इन्व्हर्टर घेतला. लगेच दीर आले.

"वयनी, भोकातनं एक वायर घेऊ का? एक बल्बच तं हाय."

मी म्हटलं, "भाऊजी, ह्याच्यावर मशीन चालती."

मालक खाटेवरून म्हणाले, "घेऊ दे गं. भाऊच हाय माझा."

बल्बाचा टीव्ही झाला. पुढे दिरांनी दुकान टाकलं आणि थंड बाटल्यांचा आणि आईस्क्रीमचा मोठा फ्रीज आणला. तो ह्या वायरीवर लावू नका, असं मी दारात जाऊन सांगितलं. ते गिऱ्हाइकांसमोर हसले. "वयनी, तुमी वायरमन कवा झाला?"

गावची डीपी जळाली आणि सगळ्यांची लाइट गेली तो दिवस यात्रेच्या आदला. मी त्याच आठवड्यात पाणी बघितलं होतं, बॅटरी पूर्ण भरलेली होती. मंचरहून दवाखान्याची गाडी येईपर्यंत ती सहज पुरली असती. इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि बंद पडला. मी शेजारी धावले. फ्रीजची पिन आमच्या वायरीत होती. बाटल्यांवर अजून घाम होता.

"आईस्क्रीम इतळत व्हतं, वयनी. म्हणलं घटकाभर," दीर म्हणाले.

गाडी आली तेव्हा मालक गेले होते.

हे मी सोसलं असतं. पण दशक्रियेला घाटावर, सगळ्या भावकीत, दीर म्हणाले, "बॅटरीत बोअरचं पाणी वतलं आसंल. बाईमाणसाला काय कळतंय." एकही जण काही बोलला नाही. भरतही नाही. उलट वर्षश्राद्धाला मला म्हणाला, "आई, झालं गेलं. काकांना परत वायर दे." म्हणून घर त्याला नाही.

बोअरच्या पाण्याने बॅटरी वर्षभरात मरते. ही अजून चालते. भावकीतल्या कोणीही येऊन बघावं. दोन वर्षांत एकही आला नाही. माझ्या हाताने माझा माणूस गेला नाही, हे या कागदात कायम राहावं.

५. ऑक्सिजनची मशीन गावात ज्याला लागेल त्याला फुकट द्यावी. मात्र त्याच्या बॅटरीवरून शेजाऱ्याला वायर गेलेली नसावी. भावाला तर नाहीच.

६. सयाजी यांना काही नाही. जाऊबाईवर माझा राग नाही; ती मालकांसाठी रोज पेज आणायची. पण साक्षीदाराच्या बायकोलाही मृत्युपत्रातून घेता येत नाही असं मी वाचलं आहे. म्हणून तांब्याचा हंडा तिला आधीच हातात दिला.

७. कायद्याला दोन साक्षीदार पुरतात. तिसरे मी सयाजी यांना बोलावलं आहे. ज्याला काही मिळायचं नाही त्याने साक्षीदार व्हावं, हे बरोबरच आहे. सही करण्याआधी त्यांनी सगळा कागद माझ्यासमोर मोठ्याने वाचावा.

वरील मजकूर माझा आहे आणि तो मला मान्य आहे.

सरूबाई हौशीराम चासकर (सही)

ठिकाण: महाळुंगे पडवळ
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:

१. अरिहंत दलीचंद ओसवाल, व्यापारी, मंचर (सही)

२. चिमाबाई संपत आवटे, शेजारीण (सही)

३. सयाजी भागू चासकर (सही). कलम ४ सोडून सगळं मान्य.

कलम ४ कायम. सरूबाई (सही)