हे मशीननं केलं असावं

आबा, तुमच्या पणतीनं, म्हणजे माझ्या नातीनं, गाण्यांचा अल्बम काढलाय. गाण्यांचा आपलं म्हणायचं, पण त्यात गाणारं कुणी नाही, पेटी नाही, ढोलकी नाही. सगळं लॅपटॉपवर. परवा सणवार नसताना मुंबईहून अचानक पोलादपूरला आली, आणि आज दुपारी जेवणं झाल्यावर माझ्या कानांवर हेडफोन चढवून म्हणाली, "आजोबा, आधी पूर्ण ऐका, मग बोला." मी मान डोलावली, पण मनात शंका होतीच. हल्ली म्हणे मशीनला नुसतं सांगितलं की ते आपलं आपण संगीत करून देतं.

पहिला तुकडा म्हणजे कशेडी घाटाचा चढ चढणारी ट्रकांची रांग. धडधड, घरघर, वर शिट्ट्या. दुसरा त्याहून नाचरा. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत बसलेली, आणि मी मांडीवर ताल धरायला जातोय तर ठेका सापडत नाही. तिसऱ्याला एकदम सगळं खाली बसलं. एकच लांब सूर, मध्येच थांबणारा, कुणी बोलायला जावं आणि गिळून टाकावं तसा. मग पुन्हा धांगडधिंगा. पण आता त्या धांगडधिंग्याच्या खालीसुद्धा तो सूर मला ऐकू यायला लागला, आणि माझं चित्त उडालं.

कारण तुम्ही आठवलात. महाडला कुणाच्या तरी बारशाला आपली गायन पार्टी बसलीय, पेटीवर तुम्ही, ढोलकीवर मी. ऐन रंगात तुम्ही भाता मिटता आणि सगळ्यांसमोर विचारता, "हाताला काय झालंय तुझ्या? थाप रडतेय." मी म्हणतो, "काय नाय, आबा." "मग घरी जा. काय हाय ते आईला सांग नि मग ये." कंपनीनं मला कामावरून कमी केलं होतं. रोज डबा घेऊन निघायचो आणि साव गावच्या गरम पाण्याच्या कुंडाशी बसून परत यायचो. घरात कुणाला पत्ता नव्हता. तुम्हाला थापेवरून लागला. पार्टीचा नियमच होता तुमचा, ज्याचा हात खोटं बोलेल त्याला उठवायचं. हाकलायला नव्हे, बोलतं करायला.

मी हेडफोन काढले. "खरं सांग गो, हे तू केलंस की मशीननं?"

"तुम्हीपण ना आजोबा! सगळे हेच विचारतात. एकेक आवाज मी बसवलाय."

कौतुक वाटायला हवं होतं. मला धस्स झालं. मशीननं केलं असतं तर बरं होतं, मशीनचं कुठं काय दुखतं! "मग तिसऱ्यात काय झालंय तुला?"

"मूड असतो तो. अल्बममध्ये वेगवेगळे मूड लागतात."

"तिसऱ्यात असू दे की मूड. नाचऱ्या गाण्याखाली तो काय करतोय?"

ती हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला ऐकू आला? मी अगदी बारीक ठेवला होता," आणि रडायलाच लागली. ज्याच्याशी लग्न करणार म्हणत होती, त्या मुलानं दुसरीकडे ठरवलं. "आईला सांगू नका. ती मलाच बोलेल."

"मी कशाला सांगू? तूच सांगशील. पण आज नको. आज चहा पी नि झोप."

आता दिवस कलला, ती आत झोपलीय. तिचं संगीत मला कळलं असं मी म्हणणार नाही. तो धांगडधिंगा तर मुळीच नाही. तुम्ही तर केव्हाच गेलात, हे पत्र जायचं कुठं नाही, तेव्हा एक तुम्हालाच सांगतो. झोपायला जाताना म्हणाली, "काही महिने इथंच राहते आता." मी तोंड पाडून "बरं" म्हटलं. पण आबा, मला आनंद झाला.