साल एकोणीसशे बत्तीस

१ जानेवारी १९३२, सकाळी ७
नवं वर्ष, नवी शिस्त! सरकारचं बजेट असतं, मग शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराचं का नको? शिवाय गिरणीत कॅशिअरची जागा रिकामी होतेय. दहा रुपये जास्त. ती मलाच मिळणार. दुसरं आहे कोण? तो बसप्पा कारकून? छे!

संध्याकाळी
घरच्यांची सभा घेतली. वडील आण्णा, बायको दाक्षायणी आणि अक्कलकोटकडून आलेल्या सासूबाई नीलम्मा. उभा राहून गरजलो, साल एकोणीसशे बत्तीस! सगळ्यांनी मिळून हे पार पाडायचं! सासूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी. मराठी त्यांना अर्धंमुर्धं कळतं, तरी भाषण काळजाला भिडलं. आण्णांनी तंबाखू निम्मी केली. दाक्षायणी म्हणाली, आधी तुमचं हॉटेल बंद करा की. मंजूर. उद्यापासून.

३ जानेवारी
हॉटेल बंद. दोनदाच गेलो.

४ जानेवारी
पीरसाब शिंप्याकडे सर्जचा कोट टाकला. अठरा रुपये, उधार. बिनकोटाचा कॅशिअर शोभत नाही. बजेटात लिहिला नाही. हा खर्च नव्हे, गुंतवणूक.

७ जानेवारी
बजेटची कीर्ती पेठभर! लालसाबनं हजामत केली आणि पैसेच घेईना. म्हणाला, राहू द्या, आधी तुमचं निभू द्या. हॉटेलात बसप्पानं चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला. नळावरच्या बायका मला पाहून बोलायच्या थांबतात. केवढा दरारा!

९ जानेवारी
सासूबाई गावी गेल्या. जाताना माझ्याकडे बघून कानडीत काहीतरी पुटपुटल्या. आशीर्वादच असणार. मला कानडी येत नाही. कधी अडलंही नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. तीळगूळ चार आण्यांचा ठरला होता, रुपयाचा झाला. सण बजेटात धरायचे नसतात. नवा कोट घातला. अगदी साहेब!

१६ जानेवारी, दुपारी
कॅशिअर बसप्पा!! साहेबांना जाब विचारला. म्हणाले, ज्याच्या डोक्यावर एकोणीसशे बत्तीस रुपये कर्ज, त्याच्या हाती तिजोरीची किल्ली कशी द्यायची? अख्खी पेठ बोलतेय म्हणे.

संध्याकाळी
दाक्षायणीला सांगितलं. आधी हबकली, मग पोट धरून हसत सुटली. कानडीत साल म्हणजे कर्ज! आईनंच नळावर सांगितलं असणार, म्हणाली. हसता हसता एकदम रडली. दहा रुपये गेले की, म्हणाली. मलाही जेवण गेलं नाही.

१७ जानेवारी
सासूबाई आल्या. दारातच पिशवी सोडून बेचाळीस रुपये माझ्यापुढे ठेवले. म्हैस विकली! मोडक्या मराठीत म्हणाल्या, राहिलं अठराशे नव्वद, ते बी फेडू, जावईबापू, तुमी जिवाला लावून घेऊ नका. मला भडभडून आलं. तरी ताठ उभा राहून समजावलं, साल म्हणजे वर्ष! या घरात पैचंही कर्ज नाही!
एवढ्यात पीरसाब दारात. कोटाचे अठरा मागायला.
सासूबाईंनी त्या बेचाळिसातले मोजून दिले. मग आण्णांकडे वळून म्हणाल्या, म्हंजे साल हाय की. आण्णा म्हणाले, हाय. हॉटेलवाल्याचंबी हाय.

१८ जानेवारी
म्हैस परत घेईपर्यंत पगार सासूबाईंच्या हाती. सभेत एकमतानं ठरलं. माझं मत विचारलं नाही.
चहाला एक आणा मागून पाहिला. सासूबाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या, न्हाय.