तीन मुठी माती

७८६
दि. ४ मार्च

चि. बोक्या यास दादीचा सलाम आणि आशीर्वाद, दोन्ही हात राखून.

इकडे माझे गुडघे सोडून सगळं जागेवर आहे. तुझ्या लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली काल सकाळी घरी आली, गाडीत आडवी होऊन. तिची आई आपल्याच गल्लीच्या टोकाला राहते, म्हणून गुसल द्यायला मलाच बोलावलं. तीस वर्षं मी बायकांच्या मय्यती धुते आहे. काय पाहिलं ते आजवर भिंतीलाही सांगितलं नाही.

तुझ्या मालकाने कफनाचं कापड पाठवलं, अत्तर पाठवलं. कापड उंची होतं हो. तू तिचा सुपरवायझर, तुला मात्र जनाज्याला यायला सवड झाली नाही.

गाडीबरोबर आलेला माणूस सांगत होता, की कपडे वाळवायच्या खोलीत धूर झाला, बाई तिथे झोपली होती, झोपेतच गेली. मग बोक्या, एवढं सांग, झोपलेल्या बाईच्या मुठी सोलतात कशा? दोन्ही हातांच्या पेरांवरची कातडी गेलेली. नखं तुटलेली, आणि नखांत हिरवा रंग. नोकरी लागली तेव्हा तू मला मोठ्या तोऱ्यात लॉन्ड्री दाखवायला नेलं होतंस. त्या खोलीचं दार हिरवं आहे. मी म्हातारी झाले, आंधळी नाही.

आई-बापामागे तुला वाढवलं, त्याची थोडी चाड असेल तर उलट टपाली खरं लिही.

तुझी दादी


दि. ९ मार्च

ती. दादीस सलाम वि. वि.

पत्र पोचलं. गुडघ्यांसाठी तेल पाठवतो आहे. तू उगाच डोक्यात घेऊ नकोस. दार उघडंच होतं. चौकशीच्या कागदावर मी तसं लिहूनही दिलं आहे. धुरात माणूस गांगरतो, कुठेही हात आपटतो.

मय्यत धुणाऱ्याने पाहिलेलं झाकावं, म्हणजे अल्लाह त्याचं झाकतो, हे तूच मला शिकवलंस. तेवढं पाळ. सव्वीस तारखेला चौकशीचे साहेब तिच्या आईकडे येणार आहेत, तुझ्याकडेही येतील. काही दिसलं नाही म्हण, संपलं. आणि एक काम कर. माझ्या वतीने तिच्या आईला सांग, कहासुना माफ करा. कशासाठी ते बोलायची गरज नाही.

मालक मला मॅनेजर करायचं म्हणतात. तुझी दुआ पाठीशी असू दे, म्हणजे झालं.

तुझा बोक्या


७८६
दि. १३ मार्च

चि. बोक्या यास सलाम.

तेल परत पाठवलं आहे. जिभेला लावू नकोस, ती आधीच फार घसरते.

मी चार यत्ता शिकलेली बाई, म्हणून तू मला दीन-धर्म शिकवायला निघालास? झाकायचं ते मेलेल्याचं व्यंग. जिवंताचा गुन्हा तिच्या कफनात गुंडाळून पुरायला सांगितलेलं नाही. साक्ष खरी द्या, मग ती स्वतःविरुद्ध असो, आई-बापाविरुद्ध असो की नात्यागोत्याविरुद्ध, असा कुराणात हुकूम आहे. मदरशातल्या उस्तादबाईंना विचारून आले. नातवाला सूट कुठेही नाही म्हणाल्या.

तिच्या आईकडे गेले होते. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, की मी दफनाच्या दिवशीच सगळ्यांना माफ केलं, लॉन्ड्रीवाल्यांनाही, बिचाऱ्यांनी कापड पाठवलं. तुझा निरोप न सांगताच मी उठून आले. आपण काय माफ केलं हेच त्या माउलीला ठाऊक नाही. ही कसली माफी? ही तर चोरी. मला तिथे चोराची दादी करून बसवलंस.

अल्लाह रहमवाला आहे, त्याचा हक्क तो माफ करील. माणसाचा हक्क माणसानेच सोडायचा असतो. निवाड्याच्या दिवशी, हश्रच्या मैदानात ती बाई येईल आणि तुझ्या नमाजा, तुझे रोजे उचलून नेईल. ते संपले की आपले गुनाह तुझ्या डोक्यावर ठेवील. तिथे तुझा मालक चिठ्ठी देणार नाही. त्या दिवशी मोहोर लावून तुझं तोंड बंद होईल आणि हातच बोलतील. तिचे हात तर त्या दिवसापर्यंत थांबलेच नाहीत. माझ्यापुढे गुसलाच्या फळीवरच बोलले.

माया आटली असती तर इतका कागद खराब केला नसता.

दादी


दि. १७ मार्च

ती. दादीस सलाम.

दाराला बाहेरून कुलूप होतं. कामाच्या वेळात बायका मागच्या वाटेने चहाला जातात, म्हणून मालकाने सांगितलं आणि मी लावलं. किल्ली माझ्या खिशात होती. मी चहाला गेलो होतो.

परतलो तेव्हा दाराखालून धूर येत होता. आतून आवाज येत नव्हता.

रोज सजद्यात रडतो. पण खरं लिहिलं तर तुरुंग आहे, दादी. एवढ्या वेळी गप्प बस. तुझ्याशिवाय मला कोण आहे?


७८६
दि. २० मार्च

चि. बोक्या यास,

सजद्यात रडलास. तिच्या आईच्या उंबऱ्यावर रडायचं राहिलं आहे.

तुला तुरुंगाची धास्ती, मला कबरीची. कबरीत सवाल करणारे मुनकर-नकीर फरिश्ते तुझ्याआधी माझ्याकडे यायचे आहेत, आणि ‘मला काही दिसलं नाही’ असं त्यांना सांगून भागत नाही. सव्वीस तारखेला मी साहेबांना मुठींचं सांगणार, नखांतल्या हिरव्या रंगाचंही. किल्ली कोणाकडे होती ते तू आधी सांगितलंस तर बरं. मला विचारलं तर मी लपवणार नाही. त्याआधी ये. तिच्या आईपुढे बस, कुलपाचं नाव घे आणि मग माफी माग. देईल न देईल, तिचा हक्क.

मी गेल्यावर खांद्याला माणसं पुष्कळ मिळतील. पण कबरीवर तीन मुठी माती मला तुझ्या हातची हवी होती. आधी त्या हाताने साहेबांच्या कागदावर खरं लिही. नाहीतर लांब उभा राहा. तुला जवळ येऊ देऊ नका, असं मी सगळ्यांना सांगून ठेवते.

भाकरतुकडा झाकून ठेवला आहे. माझं दार उघडं आहे. तू कागदावर लिहिलंस तसं नव्हे. खरोखर उघडं.

दादी