नोंद आहे, शोधात येत नाही

३ मार्च, सोमवार

शोध पुन्हा बिघडला! सकाळीच दवाखान्यातल्या एका कारकुनाचा फोन — "मॅडम, काल मीच भरलेली नोंद आज सापडत नाही. बेशुद्ध माणूस, पासष्टीचा." नोंदीच्या क्रमांकाने उघडली तर समोर हजर. शोधाच्या चौकटीत वय टाका, दवाखाना टाका, तारीख टाका — ठणठणाट. हरवलेल्या-सापडलेल्या माणसांची साइट आमची, आणि माणसं तिच्यातच हरवतात. वा!

साहेब म्हणाले, "एक नोंद ना? क्रमांक देऊन टाक त्याला."

घरी आईचा सोमवारचा प्रश्न. "बघितलंस का गं?" बघितलं. उंची, डाव्या भुवईवरचा व्रण, तपकिरी स्वेटर — बाबा घरातून निघून गेले त्याला तीन वर्षं झाली, दर सोमवारी हेच टाकते. बोटांना पाठ झालंय. "अजून नाही," म्हटलं. तिने मान हलवली आणि गॅस पेटवला.

४ मार्च

शोधाची सगळी सूची पुसून नव्याने बांधायला लावली. चार तास टक्के मोजत बसले. आईचा फोन — कसली सूची? सांगितलं, जाड पुस्तकाच्या शेवटी असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशी. शोध पुस्तक वाचत नाही, तो फक्त ती सूची बघतो. "मग पुस्तकच का नाही गं वाचत?" एक्केचाळीस हजार नोंदी कोण वाचणार! हसले मी.

शंभर टक्के झाले. कारकुनाचा माणूस तरीही नाही.

५ मार्च

साठ्यात ४१,३१८ नोंदी. सूचीत ३९,०१२. मग दोन हजार तीनशे सहा माणसं गेली कुठे? बिघाड असता तर पडद्यावर लाल अक्षरांत बोंब मारली असती. कुठे चकार शब्द नाही. म्हणजे कुणीतरी सांगून वगळली आहेत.

साहेब — "पाच टक्के इकडेतिकडे चालतात गं." चालतात?

६ मार्च

सापडलं. सूची बांधणाऱ्या फाइलीत एक ओळ. नावाची जागा रिकामी असेल तर ती नोंद घेऊ नये. बस, एवढंच! ज्याला नाव सांगता येत नाही तो आमच्या शोधात येतच नाही. बेशुद्ध पडलेले, मुके, तान्ही मुलं. आणि बाबांसारखे.

घर सोडण्याआधीच्या काही महिन्यांत बाबांना स्वतःचं नाव आठवत नव्हतं. विचारलं की नुसते हसायचे. हे मला माहीत होतं, आणि तरी मी तीन वर्षं त्याच चौकटीत तेच शब्द टाकत राहिले.

कुठल्या दीडशहाण्याने लिहिली असेल ही ओळ? ओळ उडवली, बांधणी परत सुरू केली. कुठला बदल कुणी केला ते जुन्या सर्व्हरवर लिहिलेलं असतं, पण सर्व्हरवाला — आम्ही त्याला कुलूप म्हणतो — अर्जाशिवाय काही उघडत नाही. अर्ज टाकून आले. बघतेच ती ओळ लिहिणाऱ्याकडे.

७ मार्च

४१,३१८ पैकी ४१,३१८.

भुवईवरचा व्रण, तपकिरी स्वेटर. एक निकाल. फोटो आहे. दाढी वाढलेली, पण बाबाच.

८ मार्च, शनिवार

आईला घेऊन गेले. निराधारांचा आश्रम, घरापासून बसने चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं!

बाबा गेल्या नोव्हेंबरात गेले. न्यूमोनिया. त्याआधी अडीच वर्षं तिथेच होते, खिडकीजवळच्या खाटेवर. नर्सबाईंनी कपाटातून स्वेटर काढून दिला, धुतलेला, घडी घातलेला. म्हणाल्या, "आम्ही तर पहिल्याच आठवड्यात तुमच्या साइटवर टाकलं होतं." मग म्हणाल्या, "नाव नाही सांगायचे. पण मुलगी येईल म्हणायचे. तिचं कामच ते आहे म्हणायचे, माणसं शोधायचं."

आई रडली नाही. बसमध्ये स्वेटर मांडीवर घेऊन बसली, आमचा स्टॉप आला तरी उठेना. हाताला धरून उतरवलं.

१० मार्च, सोमवार

आज पहिला सोमवार, तिने काही विचारलं नाही. मीच त्या ओळीचं सांगून बसले. कशाला सांगितलं!

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं?"

मुद्दाम नाही गं, कामाच्या गडबडीत असेल.

"नाव काय त्याचं? एकदा समोर बसवून विचारायचंय मला. ह्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं रे?"

शोधून काढते म्हटलं. सोडणार नाही त्याला. मनापासून म्हटलं.

१२ मार्च

कुलपाने आज उघडून दिलं. ती ओळ साडेतीन वर्षांपूर्वीची. बाबा घरातून निघून जायच्या सहा महिने आधीची. सोबत शेरा आहे — "उद्या पाहुण्यांना साइट दाखवायची आहे, रिकाम्या नावांच्या ओळी वाईट दिसतात. तात्पुरतं. परवा काढून टाकणे."

शेऱ्याखाली आद्याक्षरं माझी.

आता आठवतंय. पाहुणे खूश झाले होते. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

१७ मार्च, सोमवार

जेवताना आईने विचारलं, "लागला का गं त्या माणसाचा पत्ता?"

"अजून नाही," म्हटलं.