परिणाम कमी

शिरूर अनंतपाळ
१४ डिसेंबर २०२५, रविवार

चि. राजशेखर यास मंजुश्रीअक्काचे अनेक आशीर्वाद.

काल तुझा मेसेज मिळाला. "पास झालो. आईला सांग." अभिनंदन. प्रोजेक्ट मॅनेजमेंटची ही परीक्षा किती अवघड, हे तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की निम्मी मलाही पाठ झाली. पत्र वीरभद्रकाकांच्या हाती नांदेडला पाठवते आहे. फोनवर तू मधेच बोलला असतास.

इकडे हरभरा बरा आहे. म्हैस व्याली, रेडी झाली.

दिवाळीत तू आम्हाला स्वयंपाकघरात बसवून धोका कसा मोजायचा ते शिकवलंस, आठवतं? शक्यता किती, परिणाम किती. उदाहरणाला तुला आईच सापडली. "आईचं दुखणं. शक्यता जास्त, परिणाम कमी. कारण अक्का हाय!" सगळे हसले. करंज्या तळता तळता मीही हसले. आईला कमी ऐकू येतं असं तुला वाटायचं. रात्री तिनं मला विचारलं, "मंजे, परिनाम कमी म्हंजे काय गं?" मी म्हणाले, झोप.

मग तुझा नियम. परीक्षेपर्यंत नेहमीचा फोन बंद. बटणाच्या फोनचा नंबर फक्त अक्काकडे. कोणती बातमी कळवायची नि कोणती थांबवायची, ते अक्का ठरवील. तुझ्या पुस्तकातच होतं म्हणे तसं. चंद्रप्पामामा म्हणालेही, "पोरगं लई शानं झालं, घराला कुलूप लावून किल्ली बहिणीकडं दिली."

शेखर, आई गेली. मागच्या आठवड्यात, सहा तारखेला, शनिवारी. दम लागला म्हणून लातूरला दवाखान्यात नेलं होतं, तिथंच. माती मळ्यात दिली, अप्पांच्या शेजारी. बसवून, विभूती लावून, सगळं आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे. स्वामींनी विचारलं, लेक कुठंय? पहिली मूठ मी टाकली.

सगळ्यांना वाटतं, तुला कळवलं होतं आणि तू आला नाहीस. मीच तसं सांगितलं.

आता राहिलेलं. आई शेवटपर्यंत शुद्धीत होती. "शेखरला बोलाव," म्हणाली. फोन माझ्या हातात होता. परीक्षा टाकून तू धावत आला असतास, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच लावला नाही. नवऱ्यानं टाकल्यावर मी या घरात आले, तेव्हापासून तिचं हागणंमुतणं मी काढलं. आणि तू दारात उभा राहिलास की तिला माझं तोंडही दिसायचं नाही. तुझ्या ताटात तूप, माझ्या हातात भांडी. मला राग होता, आहे, आणि तो जाईल असं मला वाटत नाही.

मी म्हणाले, "कळवलं गं. परीक्षा झाल्यावर येतो म्हणाला."

माझा हात धरून ती म्हणाली, "बरं. न्हाई येत तर न्हाई. तूच बस मग."

उभ्या जन्मात तिनं मला एवढंच दिलं. तू आला असतास तर तेही तुलाच गेलं असतं.

मंगळवारी आईचा अकरावा दिवस, शिवगणाराधना आहे, ये. खरं काय ते चारचौघांत सांग हवं तर. मी नाही म्हणेन, आणि लोक माझंच ऐकतील.

पास झाल्याचं मात्र आईला मी सांगितलेलं नाही. मळ्यात जाऊन तूच सांग.

तुझा नियम पाळणारी,
अक्का